इच्छा, ध्येय आणि पुढची पायरी

दहावी-बारावीचे निकाल लागले की पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या संस्थेच्या वतीने वस्तीतील यशस्वी विद्यार्थ्यांचा सत्कार करण्याचा प्रघात आहे. विहाराच्या सभागृहात सतरंज्या अंथरल्या जातात, वंदना होते, प्रमुख पाहुण्यांचे भाषण होते आणि मग एकेका विद्यार्थ्याला पुढे बोलावून गुलाबाचे फूल, वह्या व एखादे पुस्तक दिले जाते. पाहुणे बहुधा प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात, "बाळ, पुढे काय व्हायचे ठरवले आहेस?" उत्तरेही ठरलेली असतात. कोणाला कलेक्टर व्हायचे असते, कोणाला डॉक्टर, कोणाला फौजदार; अलीकडे सॉफ्टवेअर इंजिनिअर होऊ इच्छिणाऱ्यांची संख्या वाढली आहे. उत्तर आले की टाळ्या पडतात. आम्हीही त्या टाळ्या वर्षानुवर्षे वाजवल्या आहेत.

एका वर्षी मात्र पाहुणे म्हणून आलेल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी कलेक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलाला दुसरा प्रश्न विचारला. "छान! मग उद्या सकाळी काय करणार?" मुलगा गोंधळला. थोडा विचार करून म्हणाला, "उद्या रविवार आहे, सर." सभागृह हसले. मुख्याध्यापक हसले नाहीत. त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मग सोमवारी सकाळी काय करणार ते रविवारी रात्रीपर्यंत एका कागदावर लिहून काढ."

त्या मुलाने कागद लिहिला की नाही हे आता आम्हाला आठवत नाही. परंतु त्या प्रश्नाने आम्हा कार्यकर्त्यांच्या मनात घर केले हे खरे. ज्यांचे सत्कार आपण केले त्यांचे पुढे काय झाले, याची आम्ही आपसांत चौकशी केली. तेव्हा असे दिसले की, पुष्कळांची गाडी बुद्धी कमी पडली म्हणून अडली नव्हती. कोणाचा अर्ज मुदतीत गेला नाही, कोणाचा दाखला वेळेवर मिळाला नाही, कोणाची फी ऐन वेळी जमली नाही, आणि एकदा चुकलेले वर्ष पुन्हा हाती लागले नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत या विषयावर चार गोष्टी सविस्तर लिहाव्यात असे आम्ही ठरवले.

इच्छा सर्वांनाच असते. "मला शिकायचे आहे" ही इच्छा झाली. "येत्या मार्चच्या परीक्षेला मी बाहेरून बसणार, त्यासाठीचा अर्ज या महिन्यात भरणार, आणि गणित कच्चे आहे म्हणून रोज जेवणानंतर एक तास गणितच करणार" हे ध्येय झाले. या दुसऱ्या वाक्यात तारीख आहे, काम आहे, आणि स्वतःच्या कमतरतेची कबुलीही आहे. ते फसले तर नेमके कोठे फसले हे शोधता येते. पहिल्या वाक्यात चूक सापडण्याची सोयच नाही, आणि म्हणूनच ते वाक्य माणूस पंचवीस पंचवीस वर्षे बोलत राहू शकतो.

हा फरक समजून घेण्यासाठी आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी एका कालखंडाकडे पाहायला सांगतो. तो म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातील १९१७ ते १९२३ हा काळ.

अर्ध्यावर राहिलेला अभ्यास

बाबासाहेबांच्या पदव्या आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. एम. ए., पीएच. डी., डी. एस्सी., बार-ॲट-लॉ. जयंतीच्या फलकावर त्या एका ओळीत लिहिलेल्या असतात, आणि एका ओळीत लिहिल्यामुळे त्या एकामागून एक सरळ मिळत गेल्या असाव्यात असा आपला समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही.

१९१२ साली मुंबई विद्यापीठाची बी. ए. झाल्यावर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, मुदत तीन वर्षांची, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार. म्हणजे वेळ मोजून दिलेला होता. कोलंबियात त्यांनी जे विषय घेतले त्यांत अर्थशास्त्राचे एकोणतीस अभ्यासक्रम होते, त्याखालोखाल इतिहासाचे अकरा. १९१५ साली एम. ए. झाले. १९१६ साली पीएच. डी. चा प्रबंध सादर केला आणि त्याच वर्षी लंडन गाठून एकाच वेळी दोन ठिकाणी नाव नोंदवले. बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन आणि अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स.

येथे गाडी थांबली. जून १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची वाढवून मिळालेली मुदत संपली. लंडनमधील दोन्ही अभ्यास अपुरे होते. पैसा नव्हता, महायुद्ध चालू होते, आणि करारानुसार बडोद्याला रुजू होणे भाग होते. निघण्यापूर्वी मात्र त्यांनी एक काम केले, ज्याकडे आम्ही विद्यार्थ्यांचे लक्ष मुद्दाम वेधतो. त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची परवानगी मिळवली. परत येण्यासाठी पैसे कोठून येतील हे तेव्हा त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही दार बंद होऊ न देता, ते किती काळ उघडे राहील याची तारीख पक्की करून ते बोटीत बसले.

पुढचे वर्ष कसे गेले ते आपण सारे जाणतो. त्यांचे सामान ज्या बोटीने येत होते ती बोट युद्धात बुडाली आणि जमवलेली पुस्तके गेली. बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशी खानावळीतून त्यांना कसे हाकलण्यात आले तो प्रसंग येथे पुन्हा सांगत नाही. मुंबईला परतल्यावर शिकवण्या केल्या. शेअर बाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला, तो सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच बसला. चार वर्षांच्या मुदतीतील एक वर्ष असे निघून गेले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. दुसरा कोणी असता तर त्याने प्रथम बिऱ्हाड बदलले असते, आणि त्यात त्याला दोष देता आला नसता. बाबासाहेब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांतच राहिले. घरखर्चासाठी ठरावीक रक्कम रमाईंच्या हाती द्यायची आणि बाकीची शिल्लक टाकायची असा शिरस्ता ठेवला. मार्च १९२० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. शिल्लक पुरेशी नव्हतीच. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राकडून ५,००० रुपये कर्जाऊ घेतले, आणि १९२० च्या उन्हाळ्यानंतर ते पुन्हा लंडनला पोहोचले. चार वर्षांपैकी तीन संपत आली होती.

पुढचा हिशेब पाहा. १९२१ च्या जूनमध्ये एम. एस्सी. १९२२ साली बॅरिस्टर. ऑक्टोबर १९२२ मध्ये डी. एस्सी. साठी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध सादर. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात उघडण्याच्या वेळेपासून बंद होण्याच्या वेळेपर्यंत बसून हे काम झालेले होते. परंतु परीक्षकांनी प्रबंध आहे तसा स्वीकारला नाही, दुरुस्त करून पुन्हा सादर करायला सांगितले. तोवर पैसे संपत आले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, परत येऊन दुरुस्तीचे काम केले, ऑगस्टमध्ये प्रबंध पुन्हा लंडनला पाठवला, आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये डी. एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच. डी. तर याहून उशिरा पदरात पडली. तेथे प्रबंधाच्या छापील प्रती सादर कराव्या लागत. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ते पुस्तक १९२५ साली छापून निघाले आणि पदवी १९२७ साली मिळाली. प्रबंध १९१६ चा, पदवी १९२७ ची. मध्ये अकरा वर्षे.

आम्ही हे सारे एवढ्या तपशिलात का लिहिले? "बाबासाहेबांसारखे व्हा" असे विद्यार्थ्यांना सांगणे सोपे आहे आणि ते ऐकून मुले दडपून जातात. त्यांच्यासारखी बुद्धी आपल्याला कोठून येणार, असे एका मुलाने आम्हाला तोंडावर विचारले होते. बुद्धी बाजूला ठेवू. १९१७ साली त्यांनी केलेली परवानगीची खटपट, १९१८ ते १९२० मधील शिल्लक आणि १९२३ मधील दुरुस्ती, या तीन गोष्टींना असामान्य बुद्धी लागत नाही. आपण कोठे थांबलो आहोत, परत सुरू करण्याची शेवटची तारीख कोणती आणि त्यासाठी किती पैसे कमी पडतात, एवढे माहीत असावे लागते. परत आलेला प्रबंध पुन्हा टेबलावर घेण्याची तयारी असावी लागते. बारावीचा राहिलेला एक विषय पुन्हा टेबलावर घेणे हे त्याच जातीचे काम आहे.

आणखी एक गोष्ट जाता जाता सांगायला हवी. त्या ठरावीक रकमेत परळच्या दोन खोल्यांतला संसार रमाईंनी चालवला, आणि पती लंडनला असतानाही त्यांनीच चालवला. घरातील एकाचे ध्येय बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या तरी काटकसरीवर उभे असते. आपल्या वस्तीत आजही भावाच्या शिक्षणासाठी बहिणीचे शिक्षण थांबते, आणि त्याचा कोणी सत्कार करत नाही. योजना आखताना खर्चाच्या रकान्यात हाही खर्च मांडावा, आणि तो नेहमी मुलींच्याच नावावर का पडतो याचा घरात एकदा तरी विचार व्हावा, असे आम्हाला प्रामाणिकपणे वाटते.

उलटी मोजणी

आता व्यवहाराकडे वळू. पायऱ्या ठरवताना बहुतेक जण आजपासून पुढे मोजतात. आमचा अनुभव असा की, शेवटच्या तारखेपासून मागे मोजत यावे. याचे सर्वांत चांगले, आणि दुर्दैवाने सर्वांत जास्त फसणारे उदाहरण म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, ज्याला आपण बोलताना नुसते 'व्हॅलिडिटी' म्हणतो.

अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण यांसारख्या अभ्यासक्रमांना राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जिल्हा जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही लागते. मुले बारावीचा अभ्यास करतात, प्रवेश परीक्षेचा क्लास लावतात, गुण मिळवतात आणि प्रवेशाच्या आठवड्यात आईवडिलांसह कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसलेली दिसतात. अशा एका मुलीबरोबर आम्ही स्वतः फिरलो आहोत. गुण चांगले होते. आजोबांचा शाळेचा दाखला गावाकडे होता, गावची शाळा दुसऱ्या इमारतीत गेली होती, जुने रजिस्टर सापडायला तीन फेऱ्या झाल्या. त्या वर्षी तिला हवा तो प्रवेश मिळाला नाही. ती रडली नाही. तिचे वडील रडले.

म्हणून मागे मोजू. प्रवेश जुलै-ऑगस्टच्या सुमारास असतात असे धरा. त्याआधी प्रमाणपत्र हातात हवे. समितीकडे अर्ज गेल्यावर छाननी होते, त्रुटी निघतात, क्वचित सुनावणी लागते. त्याला काही महिने जातात असे समजूनच चालावे. म्हणजे अर्ज निदान बारावीच्या वर्षाच्या सुरुवातीला, शक्य तर अकरावीतच गेला पाहिजे. अर्ज भरायला कागद लागतात. विद्यार्थ्याचा जातीचा दाखला, त्याचा, वडिलांचा व आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, वंशावळीचे शपथपत्र. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा किंवा वास्तव्याचा पुरावा विचारला जातो. आजोबा शाळेतच गेले नसतील, आणि त्या पिढीतील किती जण जाऊ शकले होते, तर चुलत आजोबांचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदीची नक्कल, जमिनीचे जुने कागद यांचा शोध घ्यावा लागतो. वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नात्यात कोणाला वैधता मिळालेली असेल तर काम पुष्कळ सोपे होते. म्हणून काका, चुलत भाऊ यांना आधी विचारावे. आपल्यात भावकीशी बोलणे बंद असण्याची प्रथा फार. त्यासाठी तरी एकदा बोलावे.

आपल्या समाजात आणखी एक अडचण येते. १९५६ च्या धर्मांतरानंतर एका पिढीच्या दाखल्यावर एक नोंद, दुसरीच्या दाखल्यावर दुसरी, असे अनेक घरांत झाले आहे. १९९० साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या लोकांना अनुसूचित जातींच्या सवलती लागू केल्या, त्यामुळे धर्मामुळे हक्क जात नाही. परंतु दाखल्यांवरील नोंदी एकमेकींशी जुळत नसतील तर खुलासा द्यावा लागतो आणि वेळ जातो. हा वेळ मोजणीत धरलेला असावा. अशी मागे मागे मोजणी करत आले की ध्यानात येते, गावी जाऊन जुने रजिस्टर शोधण्याचा दिवस दहावीचा निकाल लागल्यानंतरच्या सुट्टीत येतो. सत्काराला आलेल्या मुलाने "उद्या सकाळी काय करणार?" या प्रश्नाला खरे तर हे उत्तर द्यायला हवे होते, आणि ते त्याला सांगण्याचे काम आम्हा वडीलधाऱ्यांचे होते.

परदेशी शिक्षणाचेही तसेच आहे. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राचीही आहे. अर्जाची जाहिरात आली म्हणजे तयारीला लागू, असे म्हणणाऱ्याला उशीर झालेला असतो. त्याआधी परदेशी विद्यापीठाकडे अर्ज, त्याआधी इंग्रजीची परीक्षा, त्याआधी पासपोर्ट, अशी साखळी असते, आणि ती पदवीच्या शेवटच्या वर्षाच्याही मागे जाते.

कागदावर काय लिहावे

आमच्या अभ्यासिकेत एक साधी पद्धत आहे. दोनशे पानी वहीचे एक पान विद्यार्थ्याने घ्यायचे. वर ध्येय एका वाक्यात, त्यात तारीख हवीच. खाली मागे मोजत आलेल्या पायऱ्या. प्रत्येक पायरीपुढे खर्च आणि तो कोठून येणार. आणि सर्वांत खाली, मोठ्या अक्षरात, येत्या आठवड्यात करायचे एकच काम. दर रविवारी संध्याकाळी पान उघडायचे आणि ते काम झाले की खोडून पुढचे लिहायचे. झाले नसेल तर का झाले नाही ते एका ओळीत लिहायचे. कारण लिहिताना लाज वाटते, ती वाटू द्यावी. पण पान फाडू नये. आजच्या मुलांना मोबाईलमध्ये नोंद करायला आवडते. त्याला आमचा विरोध नाही. फक्त मोबाईल उघडल्यावर त्या नोंदीपर्यंत पोहोचायला एक तास लागू नये.

एका खोलीच्या घरात अभ्यासाची वेळ ठरवणे ही चैनीची गोष्ट आहे असे काही पालक म्हणतात. टीव्ही चालू, पाहुणे आलेले, धाकटे भावंड रडते आहे. हे आम्हाला मान्य आहे. अशा घरातील मुलाने दहा तासांचे वेळापत्रक करून भिंतीला चिकटवू नये. तिसऱ्या दिवशी ते मोडते आणि सोबत त्याचे मनही मोडते. आपल्या हातात खरोखर किती वेळ आहे हे आधी एक आठवडा नुसते मोजावे. पहाटेचे दोन तास मिळत असतील तर दोनच लिहावेत. दोन तास नेमाने झाले तर वर्षाला सातशेच्या वर तास होतात, आणि एवढ्या तासांत एखादा कच्चा विषय निश्चित पक्का होतो.

या वहीत एक पान आमच्या परिचयाच्या एका ताईंचे आहे. लग्नामुळे नववीत शाळा सुटली, पुढे पॅकिंगच्या कामाला लागल्या. मुलगी दहावीला आली तेव्हा तिच्याबरोबर आपणही परीक्षा द्यावी असे त्यांच्या मनात आले. खाजगीरीत्या बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो आणि तो परीक्षेच्या कित्येक महिने आधी भरावा लागतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. चौकशीला आल्या तेव्हा त्या वर्षाची मुदत गेलेली होती. त्या म्हणाल्या, "राहू दे आता. मुलीची तरी होऊ दे." आम्ही त्यांना पान काढायला लावले आणि सर्वांत खाली लिहिले, "जुना शाळा सोडल्याचा दाखला आणणे." तो आणायलाच त्यांना दोन महिने लागले. पुढच्या वर्षी त्या परीक्षेला बसल्या, इंग्रजीत राहिल्या. त्यांच्या पानावर त्या रविवारची ओळ आहे, "इंग्रजी गेले. मुलगी हसली नाही." नंतरच्या पुरवणी परीक्षेत इंग्रजी सुटले. मुलीनेच शिकवले होते.

कोठे थांबायचे तेही ठरवावे

ध्येय सोडू नये असे भाषणांत सांगतात. आम्ही त्यात थोडी दुरुस्ती सुचवतो. स्पर्धा परीक्षांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला खुल्या वर्गातील उमेदवार बत्तीस वर्षांपर्यंत सहा वेळा बसू शकतो. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला सदतीस वर्षांपर्यंत कितीही वेळा बसता येते. ही सवलत हक्काची आहे आणि ती असलीच पाहिजे. परंतु तिची दुसरी बाजू अशी की, येथे थांब, असे आपल्याला बाहेरून कोणी सांगत नाही. पुण्यात खोली घेऊन, घरून महिन्याला पैसे मागवून, बाविसाव्या वर्षी सुरू केलेली तयारी तिशी ओलांडून जाते. मुलगा ना अधिकारी होतो ना दुसरे काही शिकतो, आणि घरी जायची लाज वाटते म्हणून आणखी एक वर्ष राहतो. अशी मुले आम्ही पाहिली आहेत आणि त्यांची थट्टा करावी असे आम्हाला कधी वाटले नाही.

यावर उपाय एवढाच की, किती प्रयत्न करायचे हे पहिला अर्ज भरण्यापूर्वी, मन शांत असताना, त्याच पानावर लिहून ठेवावे. तीन म्हणा, चार म्हणा. शेजारी दुसरी वाट लिहावी. शिक्षकाची पदवी असेल, बँकेची परीक्षा असेल, एखादा धंदा असेल, किंवा नोकरी करत करत यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पुढचे शिक्षण असेल. नाशिकचे हे विद्यापीठ १९८९ पासून आहे आणि कामावर जाणाऱ्या माणसाला तेथे शिकता येते. आधी लिहून ठेवलेल्या ठिकाणी थांबणे म्हणजे हरणे नव्हे, ती स्वतःच केलेल्या करारातील एक अट असते. अपयशाच्या संध्याकाळी हा निर्णय घ्यायला बसले तर तो नीट घेता येत नाही, कारण त्या संध्याकाळी माणूस एक तर सारेच सोडतो किंवा काहीच सोडत नाही.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलाचे पान मुलाने लिहावे. वडिलांचे राहून गेलेले स्वप्न मुलाच्या पानावर वडिलांच्या अक्षरात लिहिलेले आम्ही पाहिले आहे. त्या मुलाला चित्रकला उत्तम येत होती. आम्ही ते पान बाजूला ठेवले, नवे दिले, आणि वडिलांना चहाला बाहेर नेले.

वह्यांचे कपाट अभ्यासिकेत खिडकीजवळ आहे. रविवारी संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत आमच्यापैकी कोणी ना कोणी तेथे असते. वैधतेचे कागद तपासून हवे असतील, १७ नंबरच्या फॉर्मची माहिती हवी असेल, किंवा नुसते पान कसे काढायचे ते समजून घ्यायचे असेल तर यावे. येताना आजोबांच्या दाखल्याची झेरॉक्स असल्यास आणावी. पॅकिंगच्या कामावरील ताई हल्ली सव्वासातला येतात. त्यांच्या पानावर सध्या सर्वांत खाली लिहिले आहे, "अकरावी. रात्रीचे कॉलेज जवळ कोठे आहे ते विचारणे."